सहीच्या आधीचा प्रश्न : नारळीकरांचा पत्रव्यवहार आणि कथा

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या विज्ञानकथांचे मूल्यमापन करताना त्यांचे शास्त्रज्ञपण अनेकदा प्रमाणपत्रासारखे पुढे केले जाते. लेखक अधिकारी, म्हणून कथेतील विज्ञान विश्वसनीय, असे हे गृहीत आहे. नारळीकरांचा स्वतःचा लेखनव्यवहार मात्र या गृहीताच्या विरोधात जातो.

फ्रेड हॉएल यांच्यासह त्यांनी १९६४ साली केंब्रिज येथे गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक-संचालक झाले. या सर्व वाटचालीत महास्फोटाच्या बहुमान्य प्रतिमानाविषयीची त्यांची शंका कायम राहिली. बहुमत म्हणजे पुरावा नव्हे, ही त्यांची ज्ञानविषयक भूमिका होती.

हीच भूमिका वाङ्मयव्यवहारातही दिसते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. हस्ताक्षरही पत्नी मंगला नारळीकर यांचे होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, सहीनिशी उत्तर मिळेल. रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली होती. येथे लेखक मरत नाही, तो क्रम बदलतो. आधी प्रश्न, मग युक्तिवाद, शेवटी नाव. करमाळा तालुक्यातील, कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या केमसारख्या गावातील शाळकरी मुलालाही या संवादात येण्यासाठी केवळ एक कार्ड आणि एक खरी शंका पुरेशी होती. नारळीकरांच्या गद्याचा अभिप्रेत वाचक हाच आहे. त्यांच्या भाषेतील अनलंकृतपणा हा शैलीचा अभाव नसून या वाचकाविषयीचा आदर आहे.

तथापि या घाटाला मर्यादाही आहे. पोस्टकार्डाच्या संवादात उत्तर देणारा एकच असतो आणि उत्तराने संवाद संपतो. नारळीकरांच्या अनेक कथांत एक पात्र विचारते, दुसरे समजावून सांगते आणि दोन्ही पात्रे त्या कार्यापुरतीच उरतात. व्यक्तिचित्रणाच्या उणिवेचा आक्षेप येथे मान्यच करावा लागतो.

‘धूमकेतू’ या कथेत मात्र ही चौकट मोडते. पृथ्वीवरचे संकट वैज्ञानिक प्रयत्नांनी टळते. परंतु हौशी आकाशनिरीक्षक दत्तदांच्या घरात श्रेय यज्ञाला दिले जाते. उत्तर बरोबर असूनही ते घरापर्यंत पोहोचत नाही. प्रश्न विचारण्याची इच्छाच जेथे नाही, तेथे उत्तराचे काय होते, हा पेच कथा सोडवीत नाही. तो वाचकाच्या हाती ठेवते. तिची वाङ्मयीन शक्ती या न सुटलेल्या पेचात आहे.

म्हणून नारळीकरांच्या कथेची परीक्षा लेखकाची सही झाकूनच व्हावयास हवी. १९७४ च्या परीक्षकांनी ती नकळत तशी केली होती. समीक्षेने आता ती जाणीवपूर्वक करावयाची आहे.