सभागृहाचा कान

१९६९ साली मुंबईत दोन घटना घडल्या. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजे एन.सी.पी.ए., स्थापन झाले. आणि १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गोरेगावात विपन्नावस्थेत वारले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध नसावा, हीच आपल्या सांस्कृतिक व्यवहाराची शोकांतिका आहे.

पुढे नरीमन पॉइंटला समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर या केंद्राचे टाटा थिएटर उभे राहिले. ऑक्टोबर १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अमेरिकन वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस, पंख्याच्या आकाराची सुमारे हजार आसने. ध्वनिक्षेपकाशिवाय गायकाचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा, अशी त्याची रचना आहे. ही साधना मोठी आहे आणि ती नाकारण्याचा करंटेपणा आपण करू नये. चांगले ऐकू येणे हा कलेचा हक्कच आहे.

पण ध्वनिक्षेपकाशिवाय गाणारे आणखी एक घराणे या शहरात होते. अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक, भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादांचे गाणे. चाळीचा चौक आणि उघडे मैदान हे त्यांचे सभागृह. माझे आजोबा अशाच एका जलशात तुणतुणे धरीत. त्यांचा स्वर चढा का असतो, असे मला एका प्राध्यापकमित्राने विचारले होते. उत्तर सोपे आहे: त्यांच्या डोक्यावर छत नव्हते. ज्याला समीक्षक 'भडक' म्हणतात, तो पुष्कळदा जागेचा परिणाम असतो. आणि जागा कोणाला मिळते हे जात आणि वर्ग ठरवतात.

सभागृह म्हणजे केवळ विटा नव्हेत. तो समाजाचा कान आहे. काय शांतपणे ऐकण्याजोगे आणि काय जाता जाता ऐकण्याजोगे, हे तो ठरवतो. पु. ल. देशपांडे आणि अशोक रानडे यांच्यासारखी माणसे या केंद्रात होती. लोकसंगीताचा गंभीर अभ्यास रानड्यांनी तेथे केला, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. तरीही प्रश्न उरतो. गाणे अभ्यासाचा विषय झाले. गाणारा मालक झाला का?

उद्घाटनानंतर सव्वा वर्षाने, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या गेल्या आणि कलापथकांना पोसणारी वस्तीही विस्कटली. मार्च २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात अंबानींचे दोन हजार आसनांचे भव्य नाट्यगृह उघडले. म्हणजे शहरात जागेचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो आपल्या कलावंताला यजमान म्हणून उभे राहता येईल अशा जागेचा.

तेव्हा, कार्यकर्ते मित्रांनो, नव्या सभागृहाच्या आसनांची संख्या मोजून थांबू नका. वर्षातल्या किती तारखा शाहिराच्या, तिकीट किती, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळात कोण बसते, हे विचारा. उद्घाटन एका दिवसाचे असते. दार कोणासाठी उघडते, हे त्यानंतरच्या तारखा सांगतात.