‘इज’ : एका छोट्या शब्दावरचा आरोप

आजच्या व्याख्यानाचा विषय दोन अक्षरांचा आहे. इंग्रजीतला ‘इज’. शाळेत इंग्रजीच्या पहिल्याच आठवड्यात तो आपल्याला भेटतो. ‘इज म्हणजे आहे’ असं आपण पाठ करतो आणि पुढे जातो. पण विसाव्या शतकाच्या आरंभी तर्कशास्त्रातल्या फार मोठ्या माणसांनी या शब्दाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आरोप असा की, हा एकच शब्द अनेक वेगळी कामं करतो आणि त्यामुळे तत्त्वज्ञानात गोंधळ माजतो. आज आपण आरोपपत्र वाचू, पुरावा तपासू, आणि मराठी बोलणाऱ्यांनी या खटल्याकडे कसं पाहायचं तेही ठरवू.

आधी या शब्दाची कामं मोजू या. ‘ही इज टॉल’ म्हणजे तो उंच आहे. इथे एखाद्याला गुण चिकटवला. ‘ही इज अ टीचर’ : इथे त्याला एका वर्गात बसवलं. ‘व्हीनस इज द मॉर्निंग स्टार’ : इथे दोन नावांची वस्तू एकच, असं सांगितलं. ‘देअर इज अ स्नेक इन द रूम’ : इथे सापाचं असणं सांगितलं. ‘गॉड इज’ : नुसतं अस्तित्व. ही झाली अर्थाची बाजू. व्याकरणाची बाजू आणखी वेगळी आहे. ‘ही इज ईटिंग’ मध्ये ‘इज’ चालू क्रियेचा मदतनीस आहे. ‘द ब्रिज इज बिल्ट’ मध्ये तो कर्मणी प्रयोगाचा मदतनीस आहे. ‘ही इज टू लीव्ह टुमॉरो’ मध्ये तर तो ‘उद्या त्याने निघायचं ठरलं आहे’ असा भविष्याचा बेत सांगतो. एका गड्याला सात कामं लावावीत तसा हा प्रकार.

गंमत म्हणजे ज्या क्रियापदाचं हे रूप, ते क्रियापदही एक नाही. ते तीन जुन्या धातूंची गोळाबेरीज आहे. ‘अॅम’ आणि ‘इज’ यांचं नातं संस्कृतच्या ‘अस्’ धातूशी आहे. ‘बी’ आणि ‘बीन’ यांचं नातं ‘भू’ धातूशी आहे, ज्याच्यापासून आपलं ‘होणं’ आलं. आणि ‘वॉज’, ‘वेअर’ यांचं नातं ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूशी आहे, ज्याच्यापासून आपली ‘वस्ती’ आली. असणं, होणं आणि राहणं या तिन्ही कल्पना इंग्रजीने एकाच क्रियापदाच्या पोटात घातल्या आहेत.

आता आरोपपत्र. 1892 साली गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने ‘संकल्पना आणि वस्तू’ या विषयावर एक निबंध लिहिला. त्याने जर्मनमधल्या ‘इस्ट’बद्दल, म्हणजे ‘इज’च्या सख्ख्या भावाबद्दल, असा मुद्दा मांडला : ‘पहाटेचा तारा शुक्र आहे’ आणि ‘पहाटेचा तारा ग्रह आहे’ ही वाक्यं दिसायला सारखी, पण पहिलं उलटवता येतं. ‘शुक्र पहाटेचा तारा आहे.’ दुसरं उलटवता येत नाही, कारण ‘ग्रह’ हे एका वस्तूचं नाव नाही, ती संकल्पना आहे. पहिलं ‘आहे’ बरोबरीच्या चिन्हासारखं. दुसरं नुसतं जोडकाम करणारं. मुद्दा बिनतोड आहे, आणि तो आजही तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवावा असाच आहे.

पुढे बर्ट्रांड रसेल आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धविरोधी लेखनाबद्दल त्यांना 1918 साली सहा महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिक्स्टनच्या तुरुंगात त्यांनी गणिती तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं, ते 1919 साली प्रसिद्ध झालं. त्यात ते म्हणतात की गुण सांगणं आणि तादात्म्य सांगणं या दोन अगदी भिन्न कामांसाठी माणसाने एकच शब्द निवडला ही मानवजातीला लाज आणणारी गोष्ट आहे, आणि चिन्हांची तर्कभाषा हा दोष काढून टाकते. तुरुंगात बसून लिहिणाऱ्या माणसाने व्याकरणावर एवढं चिडावं, हे आम्हाला तरी लोभस वाटतं. पण लोभस वाटलं म्हणून मान्य करायचं असं नाही.

आमची पहिली हरकत रसेल यांच्या उदाहरणावरच आहे. ते दोन वाक्यं घेतात : ‘सॉक्रेटिस इज ह्यूमन’ आणि ‘सॉक्रेटिस इज अ मॅन’. पहिल्यात ते गुणकथन पाहतात आणि दुसऱ्यात तादात्म्य : सॉक्रेटिस हा कोणीतरी एक माणूस आहे आणि त्या माणसाशी तो एकरूप आहे. आता फ्रेगेच्या फूटपट्टीने मोजा. ‘इज अ मॅन’ हे ‘ग्रह आहे’च्या जातीचं. ते उलटवता येत नाही. म्हणजे फ्रेगेच्या हिशोबाने रसेल यांची दोन्ही वाक्यं एकाच बाजूला पडतात! शब्दाचे दोन अर्थ इतके उघड आहेत की ते न दिसणं ही लाजेची गोष्ट, असं म्हणायचं, आणि ते दोन अर्थ नेमके कुठे वेगळे होतात यावर दोन गुरूंचं एकमत नाही. मग हा फरक शब्दाच्या अंगचा, की शब्दापुढे काय येतं त्याच्या अंगचा? पुढे विशेषनाम आलं की बरोबरी, सामान्यनाम आलं की गुणकथन. म्हणजे काम वाटून देणारं वाक्य आहे, ‘इज’ बिचारा दोन्हीकडे सांधा जोडतो. सांध्याला दोष कशाला द्यायचा?

आणि आणखी बघा. रसेल यांचा फरक ‘अ’ या एका उपपदावर उभा आहे. मराठीत उपपद नाही. ‘सॉक्रेटिस माणूस आहे’ म्हटलं की संपलं. ज्या फरकाचं ओझं एका भाषेतल्या एका अक्षरावर आहे, तो विचाराचा सार्वत्रिक नियम म्हणून मांडताना थोडं थांबायला हवं होतं.

दुसरी हरकत ‘मानवजाती’ या शब्दाला. कुठली मानवजाती? रशियन माणूस वर्तमानकाळात ‘तो शिक्षक’ एवढंच म्हणतो, मध्ये क्रियापद घालत नाही. बंगालीतही ‘उनि आमार भाई’ म्हटलं की पुरतं. आपणही ‘हा माझा भाऊ’, ‘नाव काय?’ असं रोज बोलतोच की. जो शब्द वापरलाच नाही, त्याच्या अनेकार्थाची लाज कोणी वाटून घ्यायची?

यापुढे मराठीची साक्ष काढू. ती फार मोलाची आहे. होकारात आपला ‘आहे’ जवळजवळ ‘इज’इतकाच राबतो. पण नकारात मराठी दोन शब्द ठेवते : ‘नाही’ आणि ‘नव्हे’. ‘देव नाही’ हे एक विधान. ते नास्तिक करतो. ‘हा दगड म्हणजे देव नव्हे’ हे दुसरं विधान. ते परम भक्तही करू शकतो. पहिलं अस्तित्व नाकारतं. दुसरं ‘हे ते आहे’ हे नाकारतं. ‘तो घरी नव्हे’ एवढंच म्हटलं तर कानाला खटकतं, ‘तो घरी नाही’ हवं. पण ‘घरी नव्हे, शेतात आहे’ म्हटलं की लगेच बसतं, कारण तिथे पुन्हा ‘हे ते नव्हे’ असाच नकार आहे. बंगालीतही ‘नेई’ आणि ‘नय’ अशी अशीच जोडी आहे.

पण घाईने टाळ्या वाजवू नका. ही रेघ फ्रेगेच्या रेघेवर पडत नाही, बरं का. ‘तो राम नव्हे’ यात तादात्म्याचा नकार आहे, आणि ‘हे बरं नव्हे’ यात गुणाचा. दोन्हींना ‘नव्हे’ चालतं. मराठीने अस्तित्व एका बाजूला ठेवलं, तादात्म्य आणि गुण दुसऱ्या बाजूला. शिवाय आजच्या बोलण्यात ‘तो डॉक्टर नाही’ असं सर्रास म्हणतात आणि ‘नव्हे’ हळूहळू मागे सरतो आहे. म्हणून ‘मराठी तर्कशुद्ध, इंग्रजी गोंधळलेली’ असा निष्कर्ष आपण काढणार नाही. निष्कर्ष एवढाच : प्रत्येक भाषा कापड कापते, पण कापण्याची रेघ वेगवेगळी असते.

तिसरी साक्ष याहून महत्त्वाची. ‘साप खोलीत आहे’ आणि ‘साप थंड रक्ताचा असतो.’ इंग्रजीत दोन्हीकडे ‘इज’. मराठीत ‘आहे’ हे समोरच्या स्थितीचं, ‘असतो’ हे स्वभावाचं किंवा रीतीचं. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1947 साली एक प्रश्न गाजवला. एखाद्या दिवशी माझ्या खिशातली सगळी नाणी चांदीची असली, तरी तो निसर्गनियम ठरत नाही. मग योगायोगाचं ‘सर्व’ आणि नियमाचं ‘सर्व’ यांत फरक कसा करायचा? प्रश्न खोल आहे आणि मराठीने तो सुटत नाही. पण ‘खिशातली नाणी चांदीची आहेत’ हे योगायोगाचं, आणि ‘पाणी शंभर अंशांना उकळतं’, ‘बर्फ थंड असतो’ हे रीतीचं, एवढी खूण मराठी क्रियापद स्वतःच्या अंगावर वागवतं. तरीही आपली तर्कशास्त्राची पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या ‘सर्व मानव मर्त्य आहेत’ असंच छापत आली. साधा मराठी माणूस ‘माणूस मर्त्य असतो’ म्हणेल. विद्यार्थ्याला वाटतं, शास्त्राची मराठी वेगळी आणि आपली वेगळी. खरं तर ती मराठी वेगळी नाही. तो ‘इज’चा साचा आहे, त्यात आपली भाषा ओतली आहे.

हा फरक इंग्रजीत अजिबात नाही असंही नाही. अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत ‘शी वर्किंग’ म्हणजे ती आत्ता काम करते आहे, आणि ‘शी बी वर्किंग’ म्हणजे ती काम करत असते. अगदी आपला ‘असते’! जॅनिस जॅक्सन या संशोधिकेने लहान मुलांना एक चित्र दाखवलं. कुकी मॉन्स्टर आजारी पडून झोपला आहे आणि एल्मो बिस्किटं खातो आहे. ‘हू इज ईटिंग कुकीज?’ विचारल्यावर गोऱ्या आणि काळ्या दोन्ही मुलांनी एल्मो दाखवला. ‘हू बी ईटिंग कुकीज?’ विचारल्यावर काळ्या मुलांचा कल कुकी मॉन्स्टरकडे गेला, कारण बिस्किटं खात असतो तो तोच. आता सांगा, व्याकरण कोणाचं कच्चं? आणि हीच बोली बोलणारी मुलं कितीतरी शाळांमध्ये मंदबुद्धी ठरवली जात होती. अॅन आर्बर शहरातल्या पालकांना त्यासाठी कोर्टात जावं लागलं. 1979 साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला की वाचन शिकवताना शाळांनी मुलांच्या घरच्या भाषेची दखल घेतली पाहिजे. छोट्या क्रियापदांवरचे वाद नेहमीच वर्गातले वाद राहत नाहीत, ते असे मुलांच्या आयुष्यापर्यंत जातात.

ते सत्तेच्या खुर्चीपर्यंतही जातात. ऑगस्ट 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन साक्षीत म्हणाले की हे सगळं ‘इज’चा अर्थ काय यावर अवलंबून आहे. जग हसलं. पण मुद्दा काळाचा होता. वकिलाने वर्तमानकाळात ‘संबंध नाहीत’ असं म्हटलं असेल, तर त्यात ‘कधी नव्हते’ हेही येतं का? व्याकरण म्हणून प्रश्न योग्य. सचोटी म्हणून लंगडा. ऐकणारा काय समजणार हे माहीत असताना शब्दाच्या आडोशाला उभं राहणं, याला शब्दाचा दोष म्हणता येणार नाही. दोष वापरणाऱ्याचा.

इथे आपल्या लाडक्या ‘असतो’लाही पिंजऱ्यात आणलं पाहिजे, नाहीतर खटला एकतर्फी होईल. ‘असतात’ या शब्दाला अपवाद चालतात. ‘कुत्रे इमानी असतात’ म्हटल्यावर एक कुत्रा चावला तरी विधान मोडत नाही. म्हणून तर्कशास्त्रातल्या ‘सर्व’ची जागा तो पूर्णपणे घेऊ शकत नाही. आणि ज्या कारणाने तो मोडत नाही, त्याच कारणाने तो घातक होतो. ‘ते लोक असेच असतात.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, जातीबद्दल, धर्माबद्दल, बायकांबद्दल. तुम्ही दहा चांगली माणसं पुढे आणा, बोलणारा म्हणतो, ‘ते अपवाद हो.’ ‘ते सर्व असे आहेत’ म्हणाला असता तर एका माणसाने त्याचं तोंड बंद झालं असतं. ‘असतात’ने त्याला पळवाट दिली. इथे फ्रेगे आणि रसेल यांची शिस्त आपल्या कामाला येते. विचारायचं, ‘सगळे? की बरेच? की तुम्हाला भेटलेले दोन?’ चिन्हांची भाषा आपल्याला हा प्रश्न विचारायला शिकवते, हे तिचं ऋण मान्य केलंच पाहिजे.

तेव्हा आमचा निकाल असा. ‘इज’ अनेक कामं करतो, हे खरं. ती कामं वेगळी ओळखायला शिकणं आवश्यक, हेही खरं. पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि ती कामं एकाच रीतीने वाटली पाहिजेत असा कुठल्याही भाषेवर हुकूम नाही. तर्कशास्त्र मराठीत शिकवताना ‘इज’च्या जागी डोळे मिटून ‘आहे’ ठेवू नये. ‘आहे’, ‘असतो’, ‘होय’, ‘म्हणजे’, ‘नाही’, ‘नव्हे’ ही हत्यारं आपल्या पेटीत आहेत, ती बाहेर काढावीत, त्यांची धार आणि त्यांचा धोका दोन्ही मुलांना दाखवावेत.

पुढच्या वेळी आपण ‘म्हणजे’ या शब्दाकडे वळू. तोवर एक गृहपाठ : आठवडाभर ‘असेच असतात’ हे शब्द किती वेळा कानावर पडतात, आणि आपल्या स्वतःच्या तोंडून किती वेळा निघतात, ते मोजा. आता प्रश्न घेऊ या.