‘नाइस’ या शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेंत ‘नाइस’ या शब्दाइतका सर्वसंचारी शब्द क्वचितच असेल. हवा नाइस, चहा नाइस, कादंबरी नाइस आणि शेजारीहि नाइस! आपल्या सुशिक्षित घरांतूनहि तो आतां इतका रुळला आहे कीं, तो परका असल्याची आठवण कोणास होत नाहीं. अशा या लोकप्रिय शब्दाचें कूळ मात्र मुळींच प्रतिष्ठित नाहीं. ‘अजाण’ या अर्थाच्या एका लॅटिन शब्दापासून तो निघाला व जुन्या फ्रेंचमधून इंग्रजींत उतरला. चौदाव्या शतकांत, कवि चॉसरच्या काळीं, ‘नाइस’ माणूस म्हणजे मूर्ख माणूस. पुढें नाजूक, चोखंदळ, काटेकोर अशीं स्थित्यंतरें होतां होतां अठराव्या शतकांत त्यास ‘छान’ हा अर्थ आला. सूक्ष्म भेदास ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, त्यांत जुना काटेकोरपणा अद्याप टिकून आहे. मराठी वाचकांस याचें नवल वाटूं नये. ‘शहाणा’ हा शब्द आपण उलट दिशेनें नेलाच आहे. ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ हें कोणी स्तुति म्हणून ऐकत नाहीं.

या शब्दाची मार्मिक चिकित्सा एका कादंबरींत सांपडते. जेन ऑस्टेन १८१७ च्या जुलैंत वारली. त्याच वर्षअखेरीस तिची ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ प्रसिद्ध झाली. तींत बाथ शहराबाहेर फिरावयास गेलेली कॅथरिन ‘उडोल्फो’ या भयकथेस ‘नाइस’ म्हणते. हेन्री टिल्नी लागलीच चिमटा काढतो : नाइस म्हणजे नीटनेटकें, तेव्हां तें पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून! मूळ अर्थ टापटीप व सुरुचि यांपुरताच असावा, असेंहि तो सुचवितो. गंमत अशी कीं, हेन्रीचा हा तर्क चुकीचा आहे. खरा मूळ अर्थ वर आलाच आहे. मग त्याची बहीण एलिनॉर तोच शब्द ‘फाजील चोखंदळ’ या अर्थानें त्याच्यावरच उलटविते. एकाच संवादांत एका शब्दाचे तीन अर्थ खेळवून लेखिका स्वतः नामानिराळी राहते.

आम्हां शिक्षकांस हेन्रीचाच पक्ष जवळचा. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील ‘नाइस’ आम्ही वर्षानुवर्षें तांबड्या शाईनें खोडीत आलों. परंतु एकदां एका विद्यार्थ्यानें आपल्या कवितांची वही आम्हांस दाखविली. घाईंत चार पानें चाळून आम्ही म्हणालों, “छान आहेत.” त्यानें नम्रपणें विचारलें, “सर, विशेषतः कोणती?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

तेव्हां कॅथरिनची बाजू आम्हांस प्रथमच पटली. ती त्या पुस्तकांत खरोखर रंगून गेली होती. तिच्या ढोबळ शब्दामागें अनुभव होता. आमच्या ‘छान’मागें कांहींच नव्हतें. शब्द सैल झाला म्हणून अभिरुचि बिघडत नाहीं. न वाचतां अभिप्राय देण्याची सोय म्हणून तो वापरला कीं बिघडते. अशा वेळीं ‘नाइस’ म्हणणारा नकळत त्या शब्दाच्या मूळ अर्थाची साक्ष स्वतःच देतो.

ती वही आम्हीं दुसऱ्या दिवशीं मागून घेतली. तींतील एक कविता खरोखरच चांगली होती. आणि ती कां चांगली, हें त्या मुलास सांगतांना ‘छान’ या शब्दाची आम्हांस गरज पडली नाहीं.