जंक फूडचं 'व्यसन' आणि इशाऱ्याचं लेबल: १४ टक्क्यांचा आकडा उघडून बघूया

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक आहे 'अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील जंक फूडचे व्यसन'. गाईड मान डोलावतील, विषय समाजोपयोगी दिसतो. संदर्भांत पहिला पेपर बहुधा ॲशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांचा असेल, २०२३ साली बीएमजेमध्ये आलेला. त्यातला आकडा जगभर फिरला: अतिप्रक्रियायुक्त अन्नाचं व्यसन १४ टक्के प्रौढांना आणि १२ टक्के मुलांना. मागे ३६ देशांतले २८१ अभ्यास. एवढा भारदस्त आकडा दिसला की आपण तो उचलतो आणि पुढे जातो. आज पुढे जायचं नाही.

हा आकडा येतो येल फूड ॲडिक्शन स्केलमधून. पहिली आवृत्ती २००९ ची, दुसरी २०१६ ची. दुसरीत ३५ प्रश्न आहेत. दारू, तंबाखूसाठी डीएसएम-५ मध्ये जी ११ लक्षणं दिलीत, तीच इथे खाण्याला लावली आहेत: ठरवल्यापेक्षा जास्त खाल्लं जातं का, कमी करायचा प्रयत्न फसतो का, वगैरे. दोन लक्षणं जुळली आणि त्याचा खरोखर त्रास होत असेल, तर निष्कर्ष 'फूड ॲडिक्शन'. खुद्द डीएसएम-५ मध्ये मात्र या नावाचा आजार नाही.

आता प्रश्नांच्या आधी छापलेली सूचना वाचा. तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. कोणते पदार्थ डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं द्यायची, त्याची यादी तिथे आहे. आइस्क्रीम, चॉकलेट, चिप्स, पिझ्झा, सोडा हे आलंच. पण पांढरा ब्रेड आणि पास्ता यांच्या ओळीत भातही आहे! आणि स्टेकसुद्धा. अकोल्याकडच्या भातशेतीतल्या माणसाला हा फॉर्म दिला, तर तो कशाबद्दल उत्तर देईल? मोजलं जातंय भातापासून पिझ्झापर्यंत सगळं, आणि पेपरच्या शीर्षकात उरतं फक्त 'अतिप्रक्रियायुक्त'. माझ्या मते या पेपरचा सगळ्यात कच्चा सांधा हाच. व्हायव्हात 'कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटी म्हणजे काय' असं विचारलं, तर पाठ केलेल्या व्याख्येऐवजी हे उदाहरण सांगा.

लेखकांची बाजू हलकी नाही, हेही सांगायला हवं. गिअरहार्ट आणि डिफेलिसअँटोनियो यांनी २०२२ च्या पेपरमध्ये कसोट्या घेतल्या त्या तंबाखूच्या, अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९८८ च्या अहवालातल्या. बीएमजेच्या पेपरमध्ये युक्तिवाद असा: सफरचंदात कर्बोदकं असतात पण चरबी जवळपास नाही, सॅमन माशात उलटं, चॉकलेटच्या वडीत मात्र दोन्ही जवळपास सारखं. म्हणजे निसर्गात सहसा न सापडणारं मिश्रण. ठीक. पण तूप सोडलेली पुरणपोळी घ्या. साखर आहे, तूप आहे, पीठही आहे, आणि हे सगळं आजीच्या हातचं. मिश्रण हीच कसोटी असेल तर पुरणपोळीही आत येते. नसेल, तर कारखान्यातल्या प्रक्रियेत नेमकं काय वेगळं घडतं ते दाखवावं लागेल. केविन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात २० माणसं अतिप्रक्रियायुक्त आहारावर असताना दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. हा पुरावा दमदार आहे, पण तो जास्त खाण्याचा आहे, व्यसनाचा नव्हे. त्याच गटाच्या २०२५ च्या अभ्यासात ५० जणांना मिल्कशेक देऊन मेंदूतलं डोपामिन मोजलं, तर सरासरीत लक्षणीय वाढ दिसली नाही.

त्यात मराठीची भानगड वेगळीच. 'मला चहाचं व्यसन आहे' हे आपण हसत सांगतो. 'तो व्यसनी आहे' म्हटलं की स्थळसुद्धा मोडतं. फॉर्ममध्ये यातला कोणता शब्द ठेवलात, त्यावर तुमची टक्केवारी हलेल.

मग इशाऱ्याचं काय? इथे बरेच जण एक उडी मारतात: व्यसन सिद्ध झालं तरच इशारा, नाहीतर नाही. ही अट आली कुठून? चिलीने २०१६ साली पाकिटांवर काळे अष्टकोन आणले. त्यावर 'साखर जास्त', 'मीठ जास्त' एवढंच असतं. खाणारा व्यसनी आहे की नाही, हे अष्टकोन विचारतच नाही. ग्रॅम मोजायचे, मर्यादा ओलांडली की शिक्का. त्यानंतर तिथे गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. (त्याच वेळी जाहिराती आणि शाळांतली विक्री यांवरही बंधनं आली, त्यामुळे सगळं श्रेय लेबलला देऊ नका.) आपल्याकडे एफएसएसएआयने २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे सुचवले. ताऱ्यांत सुकामेवा किंवा फायबरचे गुण साखरेचा दोष झाकू शकतात, म्हणून मला ते पटत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

जुलै २०२५ मधली समोसा-जिलेबीची बातमी आठवत असेल. नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन 'आता सिगारेटसारखा इशारा' असे मथळे आले. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने खुलासा केला: सूचना होती कार्यालयांत तेल-साखरेचे माहितीफलक लावण्याची, विक्रेत्यांच्या पदार्थांवर लेबल लावण्याची नाही. तसंही एसटी स्टँडवरचा वडापाव कागदात गुंडाळून मिळतो, लेबल चिकटवणार कुठे?

आपल्या जिल्ह्यात या फरकाला आणखी वजन आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हापासून इथे साखर म्हणजे उसाचं बिल आणि पोरांच्या फिया. 'साखर व्यसन लावते' म्हणालात, तर गावात ऐकू येईल 'ऊस बंद करा', आणि पुढचं कुणी ऐकणार नाही. 'या पाकिटात १०० ग्रॅममागे एवढी साखर' यावर भांडण होऊ शकत नाही.

विषय बदलायची तयारी असेल तर एक सुचवते. राज्य सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला बंदी घातली. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी ती शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेली. राहुरी किंवा श्रीगोंद्यातल्या तीस शाळा निवडा, फाटकापासून टेप धरा, टपरीवर ५ रुपयांच्या किती पुड्या लटकल्यात ते मोजा आणि त्यांच्या मागचं बारीक अक्षरातलं साखर-मीठ वहीत उतरवा. येल स्केलची गरज पडणार नाही.