मृताचा अर्ज : बाल्झाकच्या ‘कर्नल शाबेर’विषयी

ओनोरे द बाल्झाकच्या ‘कर्नल शाबेर’ या छोट्या कादंबरीला तिच्या कर्त्याने तीन वेळा नवे नाव दिले. १८३२ साली ती प्रथम एका नियतकालिकातून प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे नाव ‘तडजोड’ असे होते. १८३५ साली ती ‘दोन नवऱ्यांची काउंटेस’ झाली आणि १८४४ पासून ‘कर्नल शाबेर’ या नावाने ती जगाला ठाऊक आहे. या तीन नावांत एकाच कथेकडे पाहण्याच्या तीन दृष्टी आहेत. बहुतेक वाचक दुसऱ्या नावाच्या दृष्टीने ती वाचतात. म्हणजे नवरा हयात असताना दुसरे लग्न करून बसलेली एक कावेबाज स्त्री आणि तिने छळलेला एक भोळा वीर, असा तिचा अर्थ लावतात. आमच्या मते पहिले नाव अधिक खरे आहे. ही कथा युद्धात झालेल्या जखमेची दाद मागणाऱ्या एका सैनिकाची आहे. आणि त्या दादीचे रूपांतर शेवटी तडजोडीत कसे होते, हे तिचे मर्म आहे.

कथानक थोडक्यात असे आहे. फेब्रुवारी १८०७ मध्ये पूर्व प्रशियात आयलाऊ येथे नेपोलियनची रशियन सैन्याशी लढाई झाली. म्युराच्या नेतृत्वाखाली घोडदळाने जो प्रसिद्ध हल्ला चढविला, त्यात शाबेर आपल्या पलटणीसह होता. तलवारीच्या घावाने त्याची कवटी फुटली, तो घोड्यासह कोसळला आणि शेकडो घोडी त्याच्या अंगावरून गेली. सम्राटाने त्याची चौकशी करण्यास दोन शल्यवैद्य पाठविले. त्यांनी बहुधा नाडीही न पाहता तो मेल्याचे कळविले. मृत्यूची रीतसर नोंद झाली आणि शाबेरला इतर प्रेतांबरोबर खड्ड्यात पुरण्यात आले. तेथून तो हातांनी माती उकरत बाहेर आला. एका गरीब जोडप्याने त्याला उचलून नेले, आणि कित्येक महिने तो शुद्धीबेशुद्धीच्या सीमेवर राहिला. पॅरिसला पोहोचेपर्यंत साम्राज्य लयाला गेले होते, त्याचे घर उरले नव्हते, ज्या रस्त्यावर ते होते त्या रस्त्याचेही नाव बदलले होते. आणि त्याची पत्नी त्याची संपत्ती घेऊन काउंट फेरोची पत्नी व दोन मुलांची आई झाली होती.

येथवरची हकीकत अद्भुताच्या जवळ जाणारी आहे, आणि एखाद्या सामान्य लेखकाने ती तशीच रंगविली असती. बाल्झाकची थोरवी अशी की त्याने त्या अद्भुतात एक कागद ठेवला. हाइल्सबेर्गच्या इस्पितळातील शल्यवैद्याने जखमी माणसाचे म्हणणे खरे मानले आणि तेथील नोटरीकडून एक रीतसर पत्रक करवून घेतले. हा मनुष्य प्रेतांच्या खड्ड्यातून कसा आला, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी कोणास सापडला, त्याच्या जखमा कोणत्या आणि नेमक्या कोठे आहेत, हे सर्व त्यात नमूद केले. म्हणजे पुरावा आहे. पण तो परक्या देशात, परक्या भाषेत आहे आणि तो मिळविण्यास पैसे लागतात. ज्याचे सर्व धन ‘कै.’ या एका अक्षरामुळे दुसऱ्याचे झाले, त्याला आपण कै. नाही हे दाखविण्यासाठीच धन हवे. हा पेच कोणत्याही खलपुरुषाने रचलेला नाही. तो व्यवहाराच्या साध्या नियमांतून आपोआप तयार झाला आहे. म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो.

याच भागात स्टुटगार्टची एक लहानशी हकीकत येते. आपण कर्नल शाबेर आहोत असे सांगत राहिल्यामुळे त्याला वेडा ठरवून दोन वर्षे कोंडून ठेवण्यात येते. तो सुटतो केव्हा? जेव्हा तो आपण शाबेर असल्याचे म्हणणे सोडून देतो तेव्हा. खरे बोलेपर्यंत तो वेडा होता. त्याने स्वतःला नाकारताच तो शहाणा ठरला. कादंबरीचा शेवट या प्रसंगातच पेरलेला आहे, हे दुसऱ्या वाचनात ध्यानात येते.

परंतु आम्हांस या कादंबरीतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो तिचा आरंभ. तेथे रणांगण नाही, कर्नलही धड नाही. तेथे वकील देर्विलची कचेरी आहे. धुरकट खोली, कागदांचे गठ्ठे, न्याहारीचे तुकडे, आणि एकाने मजकूर सांगायचा व बाकीच्यांनी उतरवून घ्यायचा असे चाललेले काम. एक जुनापुराणा, थरांथरांचा ओव्हरकोट घातलेला म्हातारा आत येतो. पोऱ्या कारकून त्याच्यावर पावाच्या गोळ्या मारतो. साहेब रात्री एक वाजता भेटतात, असे त्याला सांगितले जाते. ते खरेच असते. पण अशा स्वरात सांगितलेले की कोणालाही थट्टा वाटावी. मग हा मनुष्य पूर्वी कोण असेल यावर पैज लागते. त्याला परत बोलावून नाव विचारतात. आयलाऊला मेलेलाच तो, असे कळताच हशा पिकतो. येथे कोणी दुष्ट नाही. ही पोरे उद्या चांगले वकीलही होतील. फक्त त्यांच्यासमोर रोज इतके अर्जदार येतात की माणूस आणि प्रकरण यांतला फरक त्यांना दिसेनासा झाला आहे. बाल्झाक स्वतः तरुणपणी पॅरिसमध्ये एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून आलेला होता. त्याचे ते दिवस या पानांत पुरेपूर उतरले आहेत. कचेरीचा असा गंध साहित्यात फार थोड्यांना साधला आहे.

मराठी वाचकास या कथेने पानिपताची आठवण होणे अपरिहार्य आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडलेल्या सदाशिवराव भाऊंचे नाव घेऊन पुढे एक मनुष्य प्रकट झाला. पुणे दरबाराने चौकशी करून त्याला तोतया ठरविले. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात बंड माजविले आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी त्या बंडावर नाटक लिहिले आहे. आपल्या मनात म्हणून रणात पडून परत आलेला मनुष्य म्हटला की आधी ‘तोतया’ हा शब्द उभा राहतो. बाल्झाकने नेमकी उलट बाजू घेतली आहे : परत आलेला मनुष्य खराच तो आहे, आणि तरीही जगाजवळ त्याच्यासाठी तोतया हाच एक शब्द आहे. दुसरीही तुलना सुचते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू कधीच मानला नाही व त्या अखेरपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या, असे सांगितले जाते. तेथे पती नाही आणि श्रद्धा आहे. येथे पती दाराशी उभा आहे आणि त्याचे पत्र वाचूनही ओळख नाही.

शाबेर रात्री एक वाजता देर्विलपुढे बसतो आणि टोपीबरोबर केसांचा टोपही निघून येतो. डोक्याच्या मागपासून उजव्या डोळ्यापर्यंत गेलेला व्रण उघडा पडतो. देर्विलचा विश्वास बसतो तो अर्थात त्या माणसाच्या बोलण्यावर; पण त्या व्रणाने त्याचे मन आधीच जिंकलेले असते. येथे कादंबरीचा कळीचा प्रश्न उभा राहतो. माणसाला पटते ती जखम. कायद्याला पटतो तो जखमेचा कागद. पुढे देर्विल पदरचे पैसे घालून जर्मनीतून ते कागद मागवितोही. तरी तो सल्ला देतो तो तडजोडीचा, कारण कागद आले म्हणजे प्रकरण मिटत नाही. ते तेथून सुरू होते. प्रतिपक्ष त्या कागदांना हरकत घेईल, साक्षी काढाव्या लागतील, वर्षे जातील. काही वार्षिक रक्कम घ्यावी आणि बाकीचे सोडावे, हे शहाणपण. शाबेरला मात्र रक्कम नको असते. त्याला आपले नाव हवे असते. देर्विल हा कादंबरीतला सर्वांत भला मनुष्य आहे, आणि तोच त्याला नाव सोडून रक्कम घेण्यास सांगतो. भलेपणाचीही पोच किती, हे बाल्झाकने येथे फार संयमाने दाखविले आहे.

हा संयम सर्वत्र टिकलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. काउंटेसचे चित्र एकरंगी झाले आहे. तिच्या दुसऱ्या पतीचे लक्ष वैभवाकडे, तिचे स्थान डळमळीत, मुले लहान. तिच्या भीतीला कारण होते. लेखक ती कारणे मांडतो खरी, पण तिच्याविषयी आपला तिरस्कार त्याला आवरत नाही. ग्रोलेच्या बंगल्यात ती शाबेरला मुलांच्या साक्षीने भुलविते आणि आपण तोतया होतो असे कबूल करणाऱ्या लेखावर त्याची सही घेऊ पाहते, हा भाग उत्तम आहे. परंतु त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकण्याचा बेत त्याने आडून ऐकावा, ही क्लृप्ती रंगभूमीवरची आहे. शेवटी देर्विलच्या तोंडी घातलेले समाजाविषयीचे भाषणही नसते तर चालले असते. जे पहिल्या प्रकरणात दाखविले ते पुन्हा सांगण्याची गरज नव्हती.

आमच्यासारख्या सरकारी नोकरीतील वाचकांसाठी या कादंबरीला आणखी एक अर्थ आहे. दर नोव्हेंबरात निवृत्तांकडून हयातीचे दाखले येतात. समोर उभ्या असलेल्या मनुष्याने आपण जिवंत असल्याचा कागद द्यावा, यात आपणांस काही विचित्र वाटत नाही. आणि नियम म्हणून ते योग्यही आहे. सैनिकाच्या जखमेचे तसेच. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन-नियमावलीप्रमाणे अपंगत्व किमान २० टक्के असावे आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले अथवा त्या सेवेमुळे बळावलेले असावे, असा दंडक होता. गोळीचा व्रण दिसतो. पण ज्याला नोकरीत असताना झटके येऊ लागले, त्याने त्याचे कारण कसे दाखवावे? अशाच एका शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्णय दिला : भरतीच्या वेळी ज्याच्या नोंदीत आजार नाही तो निरोगीच होता असे धरले पाहिजे, शंकेचा फायदा त्याला मिळाला पाहिजे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. २०२३ मध्ये या बाबतीत नवे नियम आले आहेत. पण पुराव्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न नियमांबरोबर जुना होत नाही. शाबेरची सारी शोकांतिका या एका भाराची आहे. तो त्याच्या खांद्यावर होता, आणि ते खांदे आधीच मोडलेले होते.

कागदाशिवाय राज्य चालत नाही, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. खऱ्यामागे तोतयेही येतात, आणि त्यांना ओळखण्यासाठीच नियम असतात. बाल्झाकही कागद फाडून टाका असे म्हणत नाही. त्याच्या कथेत शाबेरच्या बाजूने जे एकमेव भक्कम साधन आहे तेही हाइल्सबेर्गच्या नोटरीचा कागदच आहे. फरक इतकाच की तो कागद लिहिणाऱ्याने आधी माणसाकडे पाहिले होते आणि आयलाऊचा मृत्यूचा दाखला लिहविणाऱ्यांनी पाहिले नव्हते. दोन्ही लेख रीतसर. एकाने माणूस पुरला, दुसऱ्याने उकरून काढला.

काउंटेसचा बेत कळल्यावर शाबेर भांडत नाही. किळस येऊन सर्व हक्कांसह आपले नाव टाकून निघून जातो. पुढे तो भटक्या म्हणून शिक्षा भोगतो, आणि १८४० साली देर्विलला तो पुन्हा दिसतो बिसेत्रच्या वृद्धाश्रमात. तेथे तो स्वतःला शाबेर म्हणवून घेत नाही. आपण सातव्या दालनातील १६४ क्रमांक आहोत, असे सांगतो. स्टुटगार्टला सुटकेसाठी जे त्याने तोंडाने म्हटले, ते येथे त्याने मनाने मान्य केले आहे. या कथेवर १९९४ साली निघालेला फ्रेंच चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. तरीही मूळ कादंबरी, निदान तिच्या इंग्रजी भाषांतरातून, अवश्य वाचावी. ती दोन संध्याकाळींत संपते. आणि वाचताना कचेरीच्या पहिल्या प्रकरणाची घाई करू नये, कारण शाबेरचा निकाल पुढे कोठेही लागत नाही. तो तेथेच, पैज लागून हशा पिकतो त्या क्षणी, लागलेला आहे.