पोथीतले चित्र आणि पडद्यावरचे चित्र : ‘राजी’ या स्वतंत्र निर्मितीचा चित्रकथीच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

संगणकीय खेळ हा मराठी समीक्षेचा विषय क्वचितच झाला आहे. चित्रपट, नाटक, लोककला, इतकेच काय जाहिरात यांवरही आपल्याकडे गांभीर्याने लिहिले गेले. खेळ मात्र मुलांच्या करमणुकीत मोडतो, अशी समजूत कायम राहिली. वास्तविक चित्र, संगीत, निवेदन आणि अभिनय यांचा मेळ या प्रकारात असतो आणि फोंडाघाटसारख्या गावातील विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाइलपर्यंत तो पोहोचला आहे. प्रस्तुत लेखात पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहान, स्वतंत्र संस्थेच्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या खेळाचा विचार केला आहे. त्यासाठी लावलेली कसोटी जवळचीच, म्हणजे कुडाळनजीकच्या पिंगुळी येथील चित्रकथीची आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी या संस्थेची उभारणी केली. २०१७ मध्ये त्यांनी खेळाचा एक नमुना लोकांपुढे ठेवून ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणीचे आवाहन केले, ते अयशस्वी ठरले. तरीही काम चालू राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रथम निन्टेंडो स्विचवर, तर ऑक्टोबरमध्ये संगणक व अन्य खेळयंत्रांवर प्रसिद्ध झाला. पुढे नेटफ्लिक्सच्या माध्यमातून तो मोबाइलवरही आला. येथे दादासाहेब फाळके यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर त्यांनी एका रोपाच्या वाढीचे थोड्या थोड्या अवधीने चित्रण करून तो लघुपट भांडवलदारांना दाखविला होता. आधी छोटा प्रयोग दाखवायचा आणि मग मोठ्या कामासाठी हात पसरायचा, ही एकट्यादुकट्या निर्मात्याची रीत महाराष्ट्रात नवी नाही. फाळक्यांना पैसा मिळाला, पुण्याच्या मंडळींना त्या फेरीत मिळाला नाही, एवढाच फरक.

कथा आणि तिचे सादरीकरण

राजी ही खेळ करून पोट भरणारी कसरतपटू मुलगी आहे. महाबलासुराचे राक्षस मुलांना पळवून नेतात. त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलूही असतो. दुर्गेच्या कृपेने राजीला त्रिशूळ मिळतो आणि ती भावाच्या शोधात निघते. नायिकेची ही निवड अर्थपूर्ण आहे. ती राजकन्या नाही, योद्धाही नाही. दोरावर चालणारी, खांबाला गिरकी घेणारी, भिंतीवर पाय रोवून उसळी मारणारी पोर आहे. युद्धातील तिच्या हालचाली याच कसरतीतून आल्यामुळे शस्त्र तिच्या हाती उपरे वाटत नाही. पोटासाठी शिकलेली कला संकटात कामी येते, हे कोणत्याही संवादाविना येथे कळते.

दृश्यरचनेत पहाडी लघुचित्रांचा प्रभाव आणि राजस्थानी गडवाड्यांची भव्यता आहे. मात्र खेळाचे खरे सामर्थ्य हाणामारीच्या बाहेर दिसते. वाटेत भिंतींवर देवदेवतांची चित्रे येतात. राजी त्यांच्यापुढे थांबली की दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून त्या चित्रामागची कथा ऐकू येते. या जागी पडद्यावर जवळजवळ काहीच हलत नाही. चित्र स्थिर आणि आवाज चालता. अत्याधुनिक ‘अनरिअल’ इंजिनावर उभारलेल्या खेळातील सर्वांत लक्षात राहणारे क्षण नेमके हे असावेत, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

चित्रकथीची पद्धत

पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी हेच करीत आले. एका आख्यानाची एक पोथी, तिच्यात साधारण तीस ते पन्नास चित्रे. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो, प्रसंग गातो, सांगतो आणि मग पुढील चित्राकडे वळतो. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने ही परंपरा पोसली. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या याही याच समाजाकडे आहेत. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलांचे संग्रहालय सुरू केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

चित्रकथीत चित्राला गती नसते. गती असते ती सांगणाऱ्याच्या कंठात. युद्धाच्या चित्रात बाण कायमचा हवेत थांबलेला असतो. तो कधी सुटला आणि कधी लागला, हे हुडुक ठरवतो. समोर बसलेल्यांना कंटाळा आला तर प्रसंग आखडता घ्यायचा, रस आला तर फुलवायचा, हे स्वातंत्र्य कथेकऱ्याचे. ‘राजी’तील भित्तिचित्रांत स्थिर चित्र आणि निवेदक आवाज हा पाया सापडतो, सांगणाऱ्याचे हे स्वातंत्र्य सापडत नाही. ध्वनिमुद्रित निवेदनाला श्रोत्याचा चेहरा दिसत नाही. ही यंत्राची मर्यादा आहे, असे म्हणून विषय संपविता आला असता. परंतु खेळ हे माध्यम तर कर्त्याच्या प्रत्येक हालचालीला प्रतिसाद देण्यासाठीच जन्मले आहे. तलवारीच्या वाराला जो प्रतिसाद मिळतो, तो कथेच्या वाट्याला का आला नाही, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

छायाबाहुल्यांचा प्रश्न

खेळातील कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत मांडले आहेत आणि त्यांवर बालीच्या वायांग कुलित या छायानाट्याची छाप आहे. संगीत ग्रीक रचनाकार लिनोस त्झेलोस यांचे. कलेला सीमा नसतात, त्यामुळे या उसनवारीला दोष देणे अनुदारपणाचे होईल. खेद वेगळा आहे. पुण्याहून एका दिवसाच्या प्रवासावर चामड्याच्या बाहुल्यांची जिवंत परंपरा असताना महाराष्ट्रात घडलेल्या खेळाला सावलीचे वळण समुद्रापलीकडून आणावे लागले. याचे कारण निर्मात्यांच्या रुचीत शोधण्यापेक्षा पिंगुळीच्या कलेचे दस्तऐवजीकरण आणि प्रसार किती तोकडे आहेत, यात शोधावे लागेल. आणि त्याची जबाबदारी जिल्ह्यातील महाविद्यालयांवरही येते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘नेव्हर अलोन’ हा खेळ तुलनेसाठी उपयुक्त आहे. अलास्कातील इनुपियाक समाजाच्या लोककथेवर तो बेतलेला आहे आणि तेथील आदिवासी परिषद त्याच्या निर्मितीत भागीदार होती. निवेदन इनुपियाक भाषेतच आहे. ज्याला ती येत नाही त्याने अक्षरे वाचावीत. ‘राजी’चे मूळ निवेदन इंग्रजी; हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. देवांचे संभाषण आधी परक्या भाषेत ऐकावे लागणे हा केवळ व्यवहाराचा भाग मानला, तरी कथनाच्या लयीवर त्याचा परिणाम झाला आहे. आपल्या आख्यानपरंपरेतील पालुपद, हेल आणि संबोधन यांना त्या इंग्रजीत जागा राहिली नाही. शिवाय शेवट घाईने आटोपल्यासारखा वाटतो. इतक्या निगुतीने रचलेली बहीणभावांची ओढ महाबलासुराशी झालेल्या अंतिम लढाईनंतर जणू मध्येच सोडली जाते. आख्यान लावणाऱ्या चित्रकथ्याने शेवटचे पान असे मिटले नसते.

मोबाइलवरील रूप

मूळ खेळात दृष्टिकोन उंचावरचा आणि ठरलेला असल्याने विस्तीर्ण वाड्यांत राजी मुंगीएवढी दिसते. मोठ्या पडद्यावर ही भव्यता शोभते; तळहाताएवढ्या पडद्यावर भित्तिचित्रांतील रेषा हरवणे अटळ आहे. पिंगुळीचे चित्र मात्र मुळातच हाती धरण्याच्या मापाचे आहे. ठळक रेषा, मोठे डोळे, सपाट रंग आणि मोजकी पात्रे या गुणांमुळे दिव्याच्या उजेडात दूर बसलेल्यालाही ते ओळखू येते. म्हणूनच मोबाइलच्या लहान पडद्यासाठी ही शैली पहाडी लघुचित्रांच्या बारकाव्यापेक्षा अधिक सोयीची ठरावी.

तथापि एखाद्या स्वतंत्र निर्मात्याने उद्या पोथीचे अ‍ॅप करावयाचे ठरविले, तर पहिली अडचण तंत्राची येणार नाही, क्रमाची येईल. जुन्या पोथ्यांतील चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संग्रहांत गेली आहेत. नवी चित्रे सुटी, चौकटीत बसवून विकली जातात. सुट्या चित्राला मागचे पान नसते आणि पुढचेही नसते. बोटाने सरकवून कोणतेही चित्र केव्हाही पाहण्याची मुभा देणारे अ‍ॅप हीच फाटाफूट पुढे नेईल. पुढचे चित्र केव्हा यावे हे पाहणाऱ्याच्या बोटाने ठरवायचे की सांगणाऱ्याच्या आवाजाने, याचा निर्णय संगणकापाशी बसण्यापूर्वी, पिंगुळीत एखादे संपूर्ण आख्यान समोर बसून ऐकल्यावरच घेता येईल.