पूजेचा नाग आणि कादंबरीतील वानर

भूतदया हा शब्द आपल्या भाषेत इतका जुना व इतका रुळलेला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, असे सहसा कोणी विचारीत नाही. संतांनी तो सांगितला, कीर्तनकारांनी तो गावोगाव पोचविला, क्रमिक पुस्तकांनी तो मुलांकडून पाठ करून घेतला. परंतु मुक्या जीवाशी आपण कसे वागतो, याची परीक्षा शब्दाने होत नाही. ती व्यवहाराने होते आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, वाङ्मयानेही होते. जनावराकडे एखादा समाज कोणत्या नजरेने पाहतो, हे त्याच्या कथा-कादंबऱ्यांत जितके उघडे पडते, तितके त्याच्या सुभाषितांत पडत नाही. या हेतूने माणदेशचे लेखक कै. व्यंकटेश माडगूळकर यांच्या दोन कादंबऱ्या नुकत्याच पुन्हा वाचल्या. आणि वाचताना त्यांच्याच जिल्ह्यातील एक प्रसिद्ध उत्सव सारखा डोळ्यांपुढे येत राहिला. त्या दोहोंची सांगड येथे घालावयाची आहे.

तो उत्सव म्हणजे बत्तीस शिराळ्याची नागपंचमी. शिराळे आज सांगली जिल्ह्यात असले, तरी हा सारा प्रदेश जुन्या साताऱ्याचाच भाग होय. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. शिराळ्याची जुनी रीत अशी होती की, पंचमीच्या आधी काही दिवस रानांतून व बांधांवरून जिवंत नाग धरावयाचे, ते मडक्यांत जपून ठेवावयाचे, पंचमीला त्यांची पूजा करावयाची आणि गावातून मिरवणूक काढावयाची. कोणाचा नाग लांब, कोणाचा फणा उंच, यांच्या चढाओढीही लागत. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाच्या आदेशांनी ही प्रथा रोखली गेली, आणि जिवंत नागाच्या जागी प्रतिमा आली. गावकऱ्यांना हे फार लागले. २०२५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक हेतू सांगून एकवीस नाग धरण्याची परवानगी दिली, तेव्हा जुना वाद पुन्हा जागा झाला.

या वादात शिराळकरांना क्रूर म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. नाग मारावयाचा नाही, तो सुखरूप परत सोडावयाचा, हा त्यांच्या प्रथेचाच नियम होता. इतर गावी नाग दिसताच काठी शोधतात. येथे हात जोडतात. प्रेम नाही असे येथे म्हणताच येणार नाही. प्रश्न निराळाच आहे. फणा उभारलेला नाग पाहून भक्ताला वाटते की, देव प्रसन्न झाला. आणि प्राणिशास्त्र सांगते की, तो भ्यालेला आहे. दूध हे त्याचे अन्न नव्हे. उंदीर-बेडूक हे त्याचे अन्न. म्हणजे ज्याची पूजा चालली आहे तो समोर असूनही दिसत नाही. दिसतो तो आपल्या मनातला देव. अशी ही भक्ती प्राण्याच्या अगदी जवळ येते आणि तरीही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

माडगूळकरांचे मोठेपण मला येथे जाणवते. ‘बनगरवाडी’ ही १९५५ सालची कादंबरी औंध संस्थानातील एका धनगरवस्तीची, तेथे आलेल्या तरुण मास्तराच्या तोंडून सांगितलेली कथा. तीत मेंढरांविषयी गहिवर नाही. मेंढरू हे धनगराचे धन. त्याची लोकर विकावयाची, तेही विकावयाचे. या व्यवहाराला लेखक सोवळ्याचे पांघरूण घालीत नाही आणि त्याची निंदाही करीत नाही. मात्र बैलाची जोडी पुरी होत नाही म्हणून शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा देते, त्या वेळी माणूस आणि जनावर यांच्यातील भिंत किती पातळ आहे, हे एकाही उपदेशाच्या वाक्यावाचून कळते. शेवटी दुष्काळ येतो, मेंढरे मरतात आणि वाडी ओस पडते. दोघांचे मरण एकाच पावसाच्या हाती आहे. भूतदयेवरील पुष्कळ व्याख्यानांपेक्षा हे नाते अधिक खरे आहे. कारण त्यात एक दयाळू व दुसरा दीन असा भेद नाही.

‘सत्तांतर’ ही १९८२ सालची कादंबरी त्याहून पुढे जाते. तीत माणूस जवळजवळ नाहीच. आहेत त्या वानरांच्या टोळ्या. नवा नर टोळीचा धनी होतो आणि आधीच्या नराची पिले मारली जातात. साराह हर्डी या अमेरिकी अभ्यासिकेने अबूच्या वानरांवर १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच वर्तनाचा विचार केला आहे. पिलू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश वाढतो, अशी तिची उपपत्ती आहे. माडगूळकर हे भीषण दृश्य दाखवितात, पण त्या नराला दुष्ट ठरवीत नाहीत. वानराला दुष्ट म्हणणे हे नागाला देव म्हणण्यासारखेच आहे. दोन्हींत आपले माप त्याच्या अंगावर घातलेले असते.

या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. परंतु पुष्कळ वाचकांनी ती राजकारणाचे रूपक म्हणूनच वाचली. वानरे म्हणजे पुढारी, टोळी म्हणजे पक्ष, असा उलगडा झाला की वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. या दोषाचा काही वाटा लेखकाकडेही जातो, हे मान्य केले पाहिजे. वानरांना नावे देऊन आणि ग्रंथाला असे नाव ठेवून त्याने त्या वाचनास दार उघडे ठेवले आहे. तथापि रूपक हे सुशिक्षितांचे मडके होय. शिराळकर नागाला मडक्यात ठेवतो आणि आपण वानराला अर्थात कोंडतो. त्याला निदान पुढे सोडून द्यावयाचे, हे ठाऊक असते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड आहे. नुसते नीट पाहिले म्हणजे वागणूक सुधारते काय? शिकाऱ्याइतके बारीक कोण पाहतो? माडगूळकर स्वतः शिकारी होते आणि रान ओळखण्याची त्यांची नजर बंदुकीच्या संगतीतच तयार झाली. पुढे त्यांनी बंदूक ठेवली. नजर ठेवली नाही. यावरून मला असे वाटते की, पाहणे ही नीतीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. जे पाहिले ते आपल्या हाती असले पाहिजे, हा हट्ट सुटणे ही दुसरी. पहिलीवाचून दया आंधळी राहते. दुसरीवाचून ज्ञान निर्दय राहते.

हाच विचार बैलालाही लागू करून पाहावा. आपल्या या दोन जिल्ह्यांत बेंदराला त्याची शिंगे रंगतात, त्याला पुरणपोळी मिळते. आणि शर्यतीच्या माळावर तोच बैल चाबकाचा आवाज ऐकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ साली कायदा केला. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना वाट मोकळी झाली आणि २०२३ साली घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. परंतु धावताना त्या बैलाला काय होते, हा प्रश्न कोणत्याही निकालाने मिटत नाही. तो धन्याने बैलाच्या डोळ्यांकडे पाहूनच सोडवावयाचा आहे. आणि जो धनी त्याला लेकरासारखा वाढवितो, त्याला ते उत्तर वाचता येत नाही असे मी मानीत नाही.

शिराळ्याच्या हातांत एक दुर्मिळ विद्या आहे. नागाला न दुखविता धरावे कसे, हे तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या शिकली आहेत. घरात निघालेला नाग धरून रानात नेऊन सोडण्यासाठी ती विद्या वापरली, तर उत्सव बुडत नाही; त्याचा अर्थ मात्र खरा होतो. माडगूळकरांनी बंदूक ठेवून जे केले, तेच हे होय. पूजा मूर्तीची व्हावी. नागाला हवे असते ते त्याचे बीळ, आणि तेथवर जाण्याची मोकळी वाट.